घरी माणूस शेवटच्या टप्प्यात असताना अंत्यविधीची सोय आधी ठरवून ठेवावी का? ठेवली तर कशी?

मुग्धा_कर्वेनगर

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. कर्करोग हाडांपर्यंत गेलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता दवाखान्यात हलवू नका, घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं आपण बघू. त्या शुद्धीत आहेत, बोलतात, सकाळी रेडिओ लावायला सांगतात.

विषय काढायला जड जातंय, पण विचारल्याशिवाय इलाज नाही. घरात आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी मुलगी. दीर टोरांटोला. ह्यांचे काका-मामा सगळे सत्तरीच्या पुढचे. तिरडी बांधता येणारं माणूस ओळखीत उरलेलं नाही. सोसायटीत आम्ही नवीन, शेजाऱ्यांना हक्काने उठवावं इतकी ओळख झालेली नाही.

पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत महापालिकेच्या सोयीने स्वतः सगळं करावं, की हल्ली सगळं एकहाती करून देणाऱ्या खासगी सेवा आहेत त्यांना सांगावं? लाकूड, गॅस की विद्युतदाहिनी? घरी माणूस गेलं तर दाखला कोण देतं? दीर पोचेपर्यंत थांबायचं म्हटलं तर कसं? आत्याबाईंना हे विचारलं तर त्या म्हणाल्या, अभद्र बोलू नकोस. मला मात्र वाटतं, त्या वेळी मी फोनवर भाव विचारत बसण्यापेक्षा त्यांच्याजवळ असावं.

नाना_सदाशिवपेठ

मुग्धाताई, विचारलंत ते योग्यच केलंत. आमच्या वाड्यात कुणी गेलं की घरच्यांना काही करावंच लागत नसे. एक जण डॉक्टरकडे, एक सामान आणायला, एक गुरुजींकडे, दोघं बांबू आणि सुतळी घेऊन अंगणात. ठराविक माणसं होती आणि त्यांना सगळा क्रम पाठ होता. घरातल्या बायकांपाशी शेजारणी बसून असत. वाडे गेले तशी ती माणसंही पांगली. आता ते काम कुणीतरी ठरवूनच करायला हवं.

वैकुंठाबाहेर अंत्यविधीच्या सामानाची दुकानं आहेत. बांबू, कामट्या, सुतळी, कोरं कापड, मडकं, गोवऱ्या, कापूर, तूप, हार, सगळं एकत्र मिळतं. ‘संपूर्ण सामान द्या’ म्हटलं की पुरतं. तिरडी बांधून देणारा माणूसही तिथेच मिळतो. त्यामुळे बांधायला येत नाही म्हणून अडत नाही.

डॉ_पल्लवी

दाखल्याबद्दल नीट लिहिते, कारण घरी झालेल्या मृत्यूत खरी अडचण इथेच होते.

रुग्णालयात मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला ‘नमुना ४’ मध्ये तेच देतात. घरी झाला तर ‘नमुना ४ अ’, आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. या दाखल्यासाठी फी घ्यायची नाही असं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. घरी येण्याची भेट-फी वेगळी. हा दाखला आणि आधारकार्ड दाखवून दहनाचा पास मिळतो, तो असल्याशिवाय स्मशानभूमीत नोंद होत नाही. पास नेमका कुठे आणि रात्री कुठे मिळतो, हे तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात आत्ताच विचारून ठेवा.

तुमच्या बाबतीत जमेची बाजू ही की उपचार करणारे डॉक्टर ठरलेले आहेत. त्यांना आजच स्पष्ट विचारा: ‘रात्री दोनला फोन केला तर तुम्ही याल का? गावाला असलात तर दुसरं कोण येईल?’ पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं कुणी तपासलेलंच नसतं. मग शेजारचा डॉक्टर सही करायला कचरतो, आणि त्याचं चुकत नाही, कारण आजार त्याने पाहिलेला नसतो. प्रकरण पोलीस आणि शवविच्छेदनापर्यंत जातं. आजाराचे सगळे कागद, शेवटची औषधचिठ्ठी आणि आधारची प्रत एका फाइलमध्ये घालून दारापाशी ठेवा.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आणि स्मशानभूमीतल्या माणसांना आधी सांगायचं. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. दहनाआधी तो काढून घेतात.

शमिका

मला हे वाचून वाईट वाटलं. माणूस शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकतंय आणि आपण इथे सामानाच्या याद्या करतोय. वेळ आली की सुचतं आपोआप. त्यांच्याशी चार गोष्टी बोला, त्यांच्या आवडीचं करून घाला.

अद्वैत_बाणेर

शमिका, भावना कळते. पण आपोआप सुचत नाही. बाबा पहाटे गेले तेव्हा आई आणि मी दोघंच होतो. रुग्णालयाच्या दारात एक माणूस आला, ‘सगळं करून देतो, तुम्ही काळजी करू नका’ म्हणाला. आम्ही मान हलवली. शववाहिनी, सामान, गुरुजी, प्रत्येक ठिकाणी त्याने आकडा वाढवत नेला, आणि शेवटी जे सांगितलं ते आम्ही देऊन मोकळे झालो. अशा वेळी कोण हुज्जत घालणार? हे तो माणूस जाणून होता, राग त्याचा येतो.

मावशीच्या वेळी आम्ही आधी चौकशी करून एक खासगी सेवा ठरवली होती. फरक जमीन-अस्मानाचा. दोन मुलं आली, चपला बाहेर काढल्या, मावशीच्या मुलीला विचारलं ‘ताई, कुठली साडी नेसवायची?’ आणि नेसवायला एक बाई सोबत आणली होती. पास काढायला तिसरा माणूस परस्पर गेला. आम्ही मावशीपाशी बसून होतो.

तर खासगी सेवा घेणार असाल तर हे विचारा: शीतपेटी किती तासांसाठी, आणि वीज गेली तर काय? शववाहिनीत घरची किती माणसं बसतात? गुरुजींची दक्षिणा यात धरली आहे की वेगळी? पास कोण काढणार? अस्थी गोळा करायला माणूस येणार का? स्मशानात ‘चहापाणी’ म्हणून आणखी काही द्यावं लागणार का? हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. जो लिहून द्यायला टाळतो त्याला सोडा.

गिरगावकर

मुंबईकडून एक मुद्दा भर घालतो, जो कुणी सांगत नाही. लिफ्ट! इमारतीची लिफ्ट मोजून ठेवा. साध्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. आमच्या काकूंना सातव्या मजल्यावरून चादरीत धरून जिन्याने उतरवावं लागलं, वळणावळणावर सगळ्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. काही शववाहिनीवाल्यांकडे जिन्यावर वळवता येईल असं पट्ट्यांचं स्ट्रेचर असतं, तसं मागवायचं. तिरडी खाली वाहनतळात बांधायची, वर नाही. त्यासाठी चेअरमनच्या कानावर घालून ठेवा, ऐन वेळी कुणाची गाडी आडवी नको.

चंदनवाडीच्या स्मशानभूमीत आमची पिढ्यान् पिढ्यांची ओळख. तिथे लाकूडही आहे, विद्युत आणि गॅसही. मुंबईत लाकूड महापालिका मोफत देते हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि मधला माणूस त्याचेही पैसे लावतो. अद्वैत म्हणतोय तसं, आधी चौकशी केली की हे होत नाही.

कोल्हापूरची_पोर

मला पुण्या-मुंबईच्या या गोष्टी वाचून नवल वाटतं. आमच्याकडं पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका मोफत दहन करते. लाकडाबरोबर शेणी, म्हणजे गोवऱ्या, वापरतात. त्या शेणी कुठून येतात माहितीये? होळीला पेठेपेठेतली मंडळं होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी स्मशानाला दान देतात. लोक वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ शेणी देतात. ट्रॉल्या भरून जातात. आप्पा गेले तेव्हा आमच्या घरचा खर्च म्हणजे हार आणि कापड, बास. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला अख्खी गल्ली.

त्यामुळं सगळं पैसे टाकूनच होतं असं नका समजू. गावानं ठरवलं तर गाव करतं.

अद्वैत_बाणेर

@कोल्हापूरची_पोर, खरंच मोठी गोष्ट आहे. पुण्यातही महापालिकेच्या दाहिनीला काही फार पैसे लागत नाहीत. खर्च होतो तो दाहिनीपर्यंत पोचेपर्यंतचा.

पुरोहित_नाशिक

गॅस की लाकूड यावर घराघरात वाद होतात म्हणून लिहितो. मी पौरोहित्य करतो. दाहिनी गॅसची असली तरी मंत्राग्नी देता येतो. आत ढकलण्याआधी ट्रॉलीवर देह ठेवलेला असतो, तिथेच कापूर पेटवून विधी होतो. मडक्याची प्रदक्षिणाही होते: खांद्यावर पाण्याचं मडकं, प्रत्येक फेरीला दगडाने एक छिद्र पाडायचं, शेवटी मडकं मागे टाकायचं. तो दगड म्हणजे अश्मा, तो जपून ठेवावा लागतो, पुढच्या दिवसांचे विधी त्याच्यावर होतात. तो कुणाच्या खिशात आहे हे घरातल्या एकाने लक्षात ठेवावं. कपालक्रिया, म्हणजे चितेत कवटी फोडण्याचा विधी, बंद दाहिनीत होत नाही, तिथे प्रतीकात्मक करतात. त्यामुळे काही अडतं असं मी तरी मानत नाही.

वेळेचा फरक मोठा. गॅस किंवा विद्युतदाहिनीत साधारण तास-दीड तासात होतं आणि अस्थी त्याच दिवशी हातात मिळू शकतात. लाकडाला तीनेकशे किलो तरी लागतं, आणि सावडायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायचं. दीर परदेशातून यायचे असतील तर अस्थी ठेवून पुढचं सगळं त्यांच्यासमोर करता येतं. दहाव्याला ते पोचले तरी चालतं. मुलाने पोचून अग्नी दिलाच पाहिजे यासाठी देह दोन-तीन दिवस ताटकळत ठेवू नका, असं मी यजमानांना आवर्जून सांगतो. अर्थात शेवटी निर्णय घरच्यांचा.

लाकूडच_हवं

गुरुजी, मी असहमत. आजोबांना विद्युतदाहिनीत नेलं, झडप बंद झाली आणि पाच मिनिटांत लोक पार्किंगकडे वळले. चितेपाशी माणसं थांबतात, बोलतात, रडतात. मन शांत व्हायला तो वेळ लागतो. पर्यावरणाचं मला कळतं, पण घरच्यांनाही काहीतरी हवं ना.

ऑरेंजसिटी_विदर्भ

@लाकूडच_हवं, मधला रस्ता आहे भाऊ. आमच्या नागपुरात घाटांवर मोक्षकाष्ठ वापरतात. शेतातलं तुराटी-पराटी (तुरीच्या, कपाशीच्या काड्या), काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या. चिता तशीच रचतात, अग्नी तसाच देतात, झाड तोडावं लागत नाही. माझ्या सासऱ्यांचं तसंच केलं. ते शेतकरी होते. शेतातल्याच काड्यांवर गेले, हे सासूबाईंना फार बरं वाटलं.

देवगडचा_अजय

कोकणात पावसाळ्यात काय होतं ते शहरातल्या माणसाला कळणार नाही. आषाढात वाडीत माणूस गेलं तर आधी सुकं लाकूड कुणाच्या पडवीत आहे ते बघायचं. प्रत्येक घरातून दोन-दोन ओंडके येतात, कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या स्मशानात शेड व्हायच्या आधी चितेवर पत्रे धरून माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. आजही कितीतरी वाड्यांत शेड नाही आणि जायला धड पाखाडी (पायवाट) नाही. अंत्यविधीच्या सोयीबद्दल बोलायचं तर हा मुद्दा ग्रामसभेत यायला हवा. जिथे आहे तिथे आमच्या तरुण मंडळाने उन्हाळ्यातच लाकूड फोडून शेडखाली रचून ठेवायची पद्धत लावली आहे.

सोलापूर_शरणप्पा

सगळे दहनाचंच बोलतायत. आमच्या लिंगायत समाजात दफन असतं, देह बसवून, हातात इष्टलिंग (आम्ही गळ्यात धारण करतो ते लिंग) ठेवून. आमची पंचाईत जागेची. सोलापुरात रुद्रभूमी, म्हणजे आमची दफनभूमी, आहे, पण मुलगा नोकरीला पुण्या-मुंबईच्या उपनगरात गेला आणि आईवडील तिथे वारले तर कुठे न्यायचं हे आधी माहीत पाहिजे. बसवायचं असल्यामुळे देह ताठ होण्याआधी तशी बैठक द्यावी लागते, म्हणून उशीर चालत नाही. खासगी सेवावाल्याला हे माहीत नसतं, तो आडवी शीतपेटी घेऊन येतो. आपल्या जातीच्या, पंथाच्या पद्धतीचं जे काही असेल ते सेवा घेताना पहिल्या वाक्यात सांगा.

निशा_एडिसन

अमेरिकेतून लिहितेय. आमच्या न्यू जर्सीत पर्याय असा नाहीच, फ्युनरल होम (अंत्यविधी करून देणारी संस्था) ठरवावंच लागतं. बाबांचं इथे झालं तेव्हा मी जे शिकले ते सांगते, कारण इथे पुष्कळ मराठी घरांत आईवडील येऊन-जाऊन असतात.

इथे १९८४ पासून केंद्र सरकारचा नियम आहे: फ्युनरल होमने बाबवार दरपत्रक द्यायलाच हवं, फोनवर भाव विचारला तरी सांगायलाच हवा. नको असलेल्या गोष्टी गळ्यात मारता येत नाहीत. थेट दहन हवं असेल तर महागडी शवपेटी घ्यायची सक्ती नाही, साधी पुठ्ठ्याची किंवा प्लायची पेटी चालते. दर्शनासाठी चांगली पेटी भाड्याने मिळते. आम्ही तीन ठिकाणी फोन केले तर त्याच गोष्टीचे भाव दुप्पट-अडीचपट वेगळे.

पुष्कळ राज्यांत मृत्यूनंतर दहनाआधी एक-दोन दिवस थांबणं कायद्याने भाग आहे. नातेवाइकांना दाहिनीपाशी उभं राहू देतात का, बटण घरच्यांना दाबू देतात का, आत तूप-कापूर-फुलं किती चालतात, गुरुजींना वेळ किती, हे आधी विचारायचं. आमच्या फ्युनरल होमने आईला बाबांना स्वतः आंघोळ घालू दिली. गोरी बाई होती चालवणारी, तिने कोमट पाण्याची बादली भरून आणून दिली आणि दार लोटून बाहेर उभी राहिली. आई अजून तिचं नाव काढते.

अस्थी विमानातून आणायच्या तर हँडबॅगेत ठेवा. कलश लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. धातूचा असेल तर क्ष-किरणात आतलं दिसत नाही आणि इथले सुरक्षा कर्मचारी तो उघडत नाहीत, तुम्ही सांगितलं तरी. मृत्यू आणि दहन, दोन्हीचे दाखले सोबत ठेवायचे.

गिरगावकर

बाबवार दरपत्रकाचा असा नियम आपल्याकडे हवा. महापालिकेने स्मशानाबाहेर फलक लावला तरी निम्मे दलाल गप्प बसतील.

कोल्हापूरची_पोर

+१. आणि तो फलक मराठीत, ठळक, शववाहिनीच्या नंबरासकट.

अनुजा_ठाणे

विषयाला धरून एक विचारते. मुग्धाताईंची मुलगी आजीला पाणी देऊ शकते ना? मी एकुलती एक. आईला अग्नी मीच दिला. आमच्या नात्यातले एक काका ‘पुतण्याला बोलवू’ म्हणत होते. आई वर्षभर आधी सगळ्यांसमोर सांगून गेली होती, ‘अनू करेल’. त्यामुळे माझ्यावर वाद घालायची वेळ आली नाही. मडकं जड असतं, पहिल्या फेरीला हात थरथरला, तर स्मशानातल्या दादांनी मागून मडक्याखाली हात धरला. त्यांनीच हळूच विचारलं, ‘ताई, जमतंय का?’

पुरोहित_नाशिक

अनुजाताई, निःसंशय देऊ शकते. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीचे पुरोहित, त्यात स्त्रियाही आहेत, अंत्येष्टी करतात आणि मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात. मुग्धाताईंनी तिथे चौकशी करावी.

सत्यशोधक_सातारा

आणि गुरुजी नकोच असतील तरीही सन्मानाने होतं. आमच्या घरी सत्यशोधक पद्धत आहे. आजीच्या वेळी घरातल्यांनी जोतिबा फुल्यांचा अखंड (अभंगासारखी रचना) म्हटला, मुली-सुनांनी खांदा दिला. रक्षा नदीत टाकली नाही, शेताच्या बांधावर खड्डा करून त्यात आंबा लावला. पंचगंगा, इंद्रायणी, गोदावरीची आज काय दशा आहे ते सगळे बघतोच. गुरुजी नाशिकचे आहेत, त्यांना माझं म्हणणं पटेल असं नाही, पण विचार व्हावा.

पुरोहित_नाशिक

पटतं. रामकुंडावर रोज काय येतं ते मी बघतो. थोड्या अस्थी पाण्यात, बाकी मातीत, असं हल्ली मीच सुचवतो. प्लास्टिकची पिशवी, कलशाचं कापड, हार यांतलं काही पाण्यात टाकू देत नाही.

डॉ_पल्लवी

नेत्रदानाचं राहिलं. वय, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, यातलं काही आड येत नाही. कर्करोग असला तरी बहुतेक वेळा डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा घेता येतो, नक्की ते नेत्रपेढी सांगते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. त्यांचं पथक घरी येतं, अर्धा तास पुरतो, चेहरा विद्रूप होत नाही. पुढचा अंत्यविधी नेहमीसारखा.

देहदान करायचं असेल तर महाविद्यालयाशी आधी बोला आणि दहनाचा पर्यायही तयार ठेवा. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह घेत नाहीत. अर्ज भरलेला असला तरी ऐन वेळी संमती वारसांची लागते, म्हणून सगळ्या भावंडांना ठाऊक हवं.

शमिका

मी वर विरोध केला होता. मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण अनुजाची आई स्वतःच सांगून गेली, हे मला पटलं. आपण त्यांच्या पाठीमागे ठरवतोय हे मला खुपत होतं. मुग्धाताई, त्यांनाच विचारता येईल का?

नाना_सदाशिवपेठ

शमिका, मोलाचं बोललीस. माझे वडील शेवटच्या आजारात म्हणायचे, ‘मला न्यायला येणाऱ्यांना आधी चहा द्या रे, उपाशीपोटी मी जड लागेन.’ आम्ही खरंच सगळ्यांना चहा दिला.

मुग्धा_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला.

शमिका, तुमच्या प्रतिसादानंतर मी आणि ह्यांनी आईंशी बोलायचं ठरवलं. मी सुरुवात कशी करावी या विचारात होते, तर त्याच म्हणाल्या, ‘कपाटात वरच्या खणात पेन्शनच्या फाइलखाली बघ.’ एक वहीचा कागद आणि नेत्रदानाचं कार्ड. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे मुद्दे क्रमांक घालून. गॅसदाहिनी. मडकं नातीने धरायचं, धाकट्याने विमानासाठी धावपळ करायची नाही, दहाव्याला यायचं. तेराव्याचं जेवण नको, ते पैसे भोरच्या शाळेला. साडी कुठली ते लिहिलं नव्हतं, ते विचारलं तर म्हणाल्या, रोजची, धुतलेली.

मग मला कागद-पेन घ्यायला लावून कुणाकुणाला कळवायचं ते सांगत बसल्या. भजनी मंडळातल्या कुणाला सांगितलं की बाकीच्यांना आपोआप कळेल, कुठल्या भाचीला रात्री फोन करायचा नाही कारण ती एकटी राहते, थोरल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी, तिच्या मुलाने समोर बसून सांगायचं. मध्येच दमल्या, झोपल्या, उठून पुन्हा दोन नावं सांगितली. मी रडत लिहीत होते आणि त्या माझं शुद्धलेखन बघत होत्या.

ठरलं ते असं. सगळं एकहाती देणारी सेवा घेत नाही. शववाहिनी, सामान आणि तिरडी बांधणारे, यांच्यापुरतं एका माणसाशी बोललोय, त्याने दर लिहून दिलेत. साडी नेसवायला माझी बहीण आणि मी. पुरोहितांकडे चौकशी केली. लिफ्ट मोजली, स्ट्रेचर मावत नाही, पट्ट्यांचं सांगितलंय. आणि खालच्या मजल्यावरचे एक काका, ज्यांच्याशी फक्त मान हलवण्यापुरती ओळख होती, त्यांना यांनी सांगितलं तर ते म्हणाले, ‘रात्री कधीही बेल मारा, माझी दोन्ही मुलं येतील.’

शमिका

मुग्धाताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

अद्वैत_बाणेर

दर लिहून दिले ते उत्तम. शववाहिनीचा दुसरा एक नंबरही ठेवा, पहिली गाडी दुसरीकडे गेलेली असू शकते.

गिरगावकर

नंतरच्या कागदांचं सांगतो, मी बँकेत होतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, वर्षापर्यंत परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पास काढताना जे नाव लिहिलं जातं तेच पुढे दाखल्यावर येतं, म्हणून आधार, बँक आणि पेन्शनच्या कागदावरचं स्पेलिंग आत्ता जुळवून बघा. आधारवर माहेरचं नाव आणि खात्यावर सासरचं, अशी प्रकरणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, विधवा बायकांनी खेटे घातलेले. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्याच: पेन्शन, बँक, विमा, घराची कागदपत्रं, गॅस. पेन्शन कार्यालयाला लगेच कळवा, नाहीतर नंतर जमा झालेली रक्कम परत करावी लागते.

मुग्धा_कर्वेनगर

आधारवर ‘सुमन’ आणि पेन्शनवर ‘सुमती’ आहे! आत्ताच बघितलं. काय करावं?

गिरगावकर

राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला आहे का बघा. नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र आत्ता त्यांच्या सहीने करून घ्या. त्या सही करू शकतायत तोवर हे सोपं आहे. नोटरी घरी येतात. आणि पेन्शन कार्यालयाला ते चालेल का, हे उद्याच विचारा.

डॉ_पल्लवी

सही घ्यायची तर सकाळी, वेदनाशामकाचा डोस देण्याआधी घ्या, तेव्हा त्या जास्त जाग्या असतील. दुखत असेल तर मात्र डोस लांबवू नका, सही दुसऱ्या दिवशी.